खाद्य म्हणून विकायचं, औषध म्हणून खपवायचं

वजन कमी करण्याच्या गोळ्यांची कुठलीही डबी हातात घ्या आणि आधी मागची बाजू वाचा. पुढे काय असतं ते सगळ्यांना पाठ आहे. कमरेभोवती गुंडाळलेली मोजपट्टी, सैल झालेली जीन्स एका हाताने पुढे ओढून हसणारी बाई, एक हिरवं पान, आणि 'स्लिम' किंवा 'फॅट बर्नर' चिकटवलेलं नाव. मागे बारीक अक्षरांत एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक, 'हेल्थ सप्लिमेंट' किंवा 'न्यूट्रास्युटिकल' (म्हणजे पूरक खाद्य) असा शिक्का, आणि त्याच्याच आसपास इंग्रजीत एक ओळ असते, जिचा अर्थ होतो 'औषधी वापरासाठी नाही'. ही ओळ कंपनीने प्रामाणिकपणापोटी घातलेली नसते, नियमाने ती छापावीच लागते. म्हणजे पुढून सांगायचं की ही गोळी तुमची चरबी जाळेल, आणि मागून सांगायचं की आम्ही तसं काही म्हटलेलंच नाही.

हा सगळा धंदा डबीच्या या दोन बाजूंमधल्या फटीत चालतो. गोळीत काय आहे, हा प्रश्न मोठा आहेच. पण त्याआधीचा प्रश्न असा, की ती कुठल्या कायद्याखाली विकली जाते, आणि ते कोण ठरवतं. आज ते विकणारा ठरवतो. माझं म्हणणं असं, की ते त्याने केलेल्या दाव्यावरून ठरलं पाहिजे. चरबी घटवतो म्हणालात, तर तुम्ही औषध विकताय. मग औषधासारखा पुरावा द्या.

दाव्यांचं म्हणाल तर तिसरीतल्या पोराला जमेल असा हिशोब आहे. 'महिन्यात १० किलो' हे वाक्य लोकलच्या डब्यात चिकटवलेलं असतं, रिक्षाच्या पाठीवर असतं, हल्ली रीलमध्ये असतं. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा असते. १० किलोंची झाली ७७,०००. आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला सरासरी १,६६० किलोकॅलरी लागतात. तिने महिनाभर पाण्याखेरीज काहीही तोंडात घातलं नाही, तरी तूट पडेल ४९,८०० ची, म्हणजे जेमतेम साडेसहा किलो चरबीची. उपाशी माणसाचं पाणी आणि स्नायूही झडतात, त्यामुळे काट्यावर आकडा जास्त उतरेल, पण जाहिरात चरबीची आहे. तेव्हा दोन वेळा जेवून, वर एक गोळी घेऊन, महिनाभराच्या कडकडीत उपासालाही मागे टाकता येतं असं हे लोक सांगत असतात. आणि यासाठी त्यांना कोणी हटकत नाही.

तरीही पहिल्या आठवड्यात काटा खाली येतो, हे अनेकांनी अनुभवलेलं असतं. 'डिटॉक्स' चहाच्या आणि काढ्याच्या पुड्यांमधल्या घटकांच्या यादीत खाली कुठेतरी 'सेन्ना' सापडतं. ही आपली सोनामुखी. आजीच्या बटव्यातली ही पानं बद्धकोष्ठाला एखाद्या रात्री देत, तीन महिने रोज नव्हे. सोनामुखी काम करते मोठ्या आतड्यावर. अन्नातली ऊर्जा त्याआधीच, लहान आतड्यात शोषली गेलेली असते. त्यामुळे जुलाबातून जातं ते पाणी आणि क्षार. खाल्लेला वडापाव जिथे जायचा तिथे आधीच पोचलेला असतो. पाणी प्यायलं की दोन दिवसांत वजन परत येतं, पण पोटॅशियम सतत जात राहिलं तर अशक्तपणा येतो, पायात गोळे येतात, हृदयाचे ठोके चुकू लागतात. आधीच रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असलेल्या माणसाचं तर अधिकच अवघड.

दुसरा प्रकार आहे काहीच न करणाऱ्या घटकांचा, आणि त्यातला एक तर आपल्या घरातलाच. गार्सिनिया कॅम्बोजिया म्हणून जो अर्क जगभर विकला गेला, तो कोकमाच्या सख्ख्या भावाचा. केरळात त्याला कुडमपुळी म्हणतात आणि माशाच्या कालवणात घालतात, आपण आमसूल घालतो तसंच. दोन्हींच्या सालीत हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असतं. पिठूळ पदार्थांपासून चरबी बनवणारं एक एन्झाइम हे आम्ल अडवतं आणि उंदरांमध्ये त्याचा परिणाम दिसला होता, एवढ्या भांडवलावर बाजार उभा राहिला. मग १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात माणसांवरची चाचणी छापून आली. १३५ माणसं, १२ आठवडे, सगळ्यांना सारखाच कमी कॅलरींचा आहार, अर्ध्यांना दिवसाला १,५०० मिलिग्रॅम आम्ल आणि अर्ध्यांना हुबेहूब दिसणारी पोकळ, म्हणजे आत औषध नसलेली गोळी. अर्क घेणाऱ्यांचं वजन सरासरी ३.२ किलोंनी उतरलं, पोकळ गोळीवाल्यांचं ४.१ किलोंनी. फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने किरकोळ, पण तो उलट्या बाजूला. या गोष्टीला पाव शतक उलटून गेलं आणि गार्सिनियाच्या डब्या अजून शेल्फवर आहेत. सोलकढी पिऊन कोकणातलं कोणी बारीक झाल्याचं ऐकिवात नाही, कोणाचं यकृत बिघडल्याचंही नाही. पण हाच पदार्थ अर्क काढून, दाट करून, आणखी चार अर्कांबरोबर कॅप्सूलमध्ये भरला की यकृताला इजा झाल्याच्या नोंदी देशोदेशींच्या वैद्यकीय नियतकालिकांत सापडतात. हिरव्या चहाचंही तसंच. कपातला चहा निराळा आणि गोळीतला अर्क निराळा. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं, की पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी, म्हणजे हिरव्या चहातला मुख्य घटक, गेला तर यकृताचे एन्झाइम वाढू शकतात. नैसर्गिक आहे म्हणजे निर्धोक आहे, असं मानणाऱ्यांनी मात्रा हा शब्द आयुर्वेदानेच शिकवलाय हे आठवावं.

'क्लिनिकली प्रूव्हन' या शब्दांमागे काय असू शकतं, त्याचा नमुना म्हणजे ग्रीन कॉफी. याचा एक धागा भारतात आहे. टेक्सासमधल्या अप्लाइड फूड सायन्सेस या कंपनीने न भाजलेल्या कॉफीच्या अर्काची चाचणी करायला भारतातल्या संशोधकांना पैसे दिले, ती बंगळुरूला झाली. भाग घेतलेली माणसं होती १६. निष्कर्ष काय, तर २२ आठवड्यांत सरासरी आठ किलो वजन कमी, तेही आहारात किंवा व्यायामात विशेष बदल न करता. ग्राहकांच्या फसवणुकीवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पुढे जे मांडलं ते वाचण्यासारखं आहे. प्रमुख संशोधकाने माणसांची वजनं वारंवार बदलली होती, चाचणीची मुदत बदलली होती, कोणाला अर्क आणि कोणाला पोकळ गोळी दिली यातही गोंधळ होता. शोधनिबंध छापून येईना, तेव्हा कंपनीने अमेरिकेतल्या विद्यापीठातले दोन संशोधक गाठले आणि त्यांच्याकडून तो नव्याने लिहून घेतला. २०१२ मध्ये निबंध छापला गेला, त्याच वर्षी अमेरिकेतले लोकप्रिय टीव्ही-डॉक्टर मेहमेत ओझ यांच्या कार्यक्रमात ग्रीन कॉफीचा उदोउदो झाला आणि दुकानं रिकामी झाली. २०१४ च्या जूनमध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे सिनेटर क्लेअर मॅकॅस्किल यांनी ओझ यांना चांगलंच फैलावर घेतलं. सप्टेंबरमध्ये कंपनीने ३५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं आणि ऑक्टोबरमध्ये निबंध मागे घेतला गेला. आपल्याकडे ग्रीन कॉफीची लाट आली ती या सगळ्यानंतर. तिथे खोटं ठरलेला माल इथे नवा म्हणून आला, आणि त्या चाचणीचं मूळ आपल्याच देशात आहे याची कोणाला खंतही वाटली नाही.

आता खरी धास्ती वाटावी असा तिसरा प्रकार. काही गोळ्या खरोखर काम करतात. भूक मरते, ताट अर्धवट राहतं, आठवड्याला किलो-दीड किलो जातं, आणि घेणारी बाई शेजारणीला सांगते, "अगं, एकदम हर्बल आहे, काही साइड इफेक्ट नाही." अशा वेळी मला पहिली शंका येते ती सिब्युट्रामाइनची.

सिब्युट्रामाइन हे भूक मारणारं औषध एकेकाळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर रीतसर मिळायचं. हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे १०,००० लोकांवर त्याची मोठी चाचणी झाली. त्यात औषध घेणाऱ्यांपैकी ११.४ टक्के लोकांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयाशी संबंधित मृत्यू यांपैकी काहीतरी झालं, पोकळ गोळीवाल्यांत हे प्रमाण १० टक्के होतं. २०१० मध्ये युरोप आणि अमेरिकेतून ते हटलं, फेब्रुवारी २०११ मध्ये भारत सरकारने त्यावर बंदी घातली. पण कच्चा माल बनत राहिला आणि तो शिरला 'हर्बल' कॅप्सूलमध्ये. अमेरिकेच्या अन्न व औषध नियामकाने (एफडीए) २००७ ते २०१६ या काळात छुपी औषधं सापडलेल्या पूरक उत्पादनांबाबत जे इशारे दिले, त्यांचा आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण ७७६ उत्पादनं, त्यांतली ३१७ वजन घटवणारी, आणि त्या ३१७ पैकी २६९ मध्ये सिब्युट्रामाइन. बाकी काहींत जुलाबाचं फिनॉल्फ्थॅलीन. लेबलवर यातलं एक अक्षर नाही.

त्यामुळे बीपीचा पेशंट असलेला माणूस, किंवा नैराश्यावर औषध घेणारी मुलगी, आपण वनस्पती खातोय या समजुतीत बंदी घातलेलं रसायन खात असते. छातीत धडधड होते, झोप उडते, तोंड कोरडं पडतं. डॉक्टर विचारतात, दुसरं काही औषध चालू आहे का? उत्तर येतं, नाही. तिच्या दृष्टीने ते खरंच असतं, कारण डबीवरच लिहिलंय की हे औषध नाही.

ग्राहकाची कोंडी अशी की शुद्ध गोळी गुण देत नाही आणि गुण देणारी शुद्ध असण्याची शक्यता कमी. गुण येणं हीच जिथे धोक्याची घंटा आहे, तिथे 'मला फरक पडला' या अनुभवावर विसंबायचं कसं? वजन घटवणाऱ्या रसायनांच्या इतिहासातलं बहुधा सर्वांत गुणकारी रसायन डायनायट्रोफिनॉल आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामगार त्याने मेले, १९३३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी त्याने वजन उतरतं असं दाखवलं, लोकांनी ते भराभर घेतलं. पेशींमधली ऊर्जा साठवण्याऐवजी ती उष्णता म्हणून उधळायला ते लावतं. वजन हमखास उतरतं. काहींचे डोळे मोतीबिंदूने गेले, काहींचा ताप चढत जाऊन शेवट झाला. १९३८ पर्यंत ते अमेरिकेत बंद झालं. इंटरनेटवर ते आजही मिळतं.

इथे एक आक्षेप ठरलेला असतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ही सिब्युट्रामाइनं डॉक्टरांनीच दिली होती ना? फेनफ्लुरामाइन १९९७ मध्ये अमेरिकेत हृदयाच्या झडपा बिघडतात म्हणून मागे घेतलं, रिमोनाबँट २००८ मध्ये युरोपात नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांमुळे थांबवलं, तीही मान्यताप्राप्त औषधंच होती. खरं आहे. लठ्ठपणावरच्या औषधांचा इतिहास औषध कंपन्यांना मिरवण्यासारखा नाही. पण आपल्याला हे कळलं कसं? कोणीतरी १०,००० माणसांची नोंद ठेवली, ११.४ आणि १० यांतला फरक मोजला, आणि तो मोजायला कंपनीला भाग पाडलं. पूरक गोळ्यांच्या बाबतीत मोजणारंच कोणी नाही. तिथे दर शंभरात एक-दोघांना जास्त झटके आले तर ते ज्याच्या त्याच्या नशिबात जमा होतात. मग कंपनी छातीठोकपणे सांगते, की आमच्याविरुद्ध आजवर एकही तक्रार नाही.

फसणाऱ्यांना मूर्ख म्हणणं सोपं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष जादा वजनाचे निघाले. एवढे सगळे मूर्ख नसतात. लग्न ठरलेल्या मुलीला हॉलची तारीख दिसत असते. बाळंतपणानंतर वाढलेलं वजन नातेवाईक प्रत्येक कार्यात मोजतात, आणि गुडघे दुखतात म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला "वजन कमी करा" एवढं ऐकून तीन मिनिटांत बाहेर पडावं लागतं. कसं कमी करायचं, थायरॉइड तपासायचा का, चालू असलेल्या कुठल्या औषधाने वजन वाढतंय का, हे कोणी बोलत नाही. ते बोलायला वेळ असतो जिममधल्या ट्रेनरला, पार्लरवालीला आणि 'वेलनेस कोच'ला. ते तासभर ऐकून घेतात आणि शेवटी डबी काढतात. त्यावर त्यांचं कमिशन असतं, पण ऐकून घेतलेलं असतं हेही खरं.

आता कायद्याकडे. औषधे आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा आहे. त्याच्या परिशिष्टात ५४ आजार-अवस्था आहेत, ज्यांवर उपचाराचा दावा करून औषधाची जाहिरात करणं गुन्हा आहे. त्या यादीत कर्करोग, मधुमेह यांच्या बरोबरीने लठ्ठपणाही आहे. म्हणजे काही दशकांपूर्वीच्या कायदेमंडळाला हा धंदा कळला होता. पण याच कायद्यात औषधाची व्याख्या करताना शरीराच्या रचनेवर किंवा कार्यावर परिणाम करणारी वस्तू 'अन्न सोडून' असं म्हटलंय. झालं, फट मिळाली. गोळी अन्न ठरवून घेतली की वकिलाला उभं राहायला जागा. अन्न परवाना हा कारखान्याचा आणि घटकांचा असतो, वजन उतरतं की नाही याची परीक्षा त्यात कोणी घेत नाही, पण जाहिरातीत तो 'सरकारमान्य' म्हणून झळकतो.

दुसरी पळवाट आयुर्वेदिक परवान्याची. ग्रंथोक्त घटक घेऊन स्वतःचं मिश्रण केलं की 'प्रोप्रायटरी' औषध म्हणून राज्याकडून परवाना मिळवता येतो. त्यांच्या जाहिरातींवर चाप बसावा म्हणून २०१८ मध्ये केंद्राच्या औषध नियमांत नियम १७० आला. जाहिरात आधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून मंजूर करून घ्या, असा साधा नियम. जुलै २०२४ मध्ये आयुष मंत्रालयाने तो काढून टाकला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या काढण्याला स्थगिती दिली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये ज्या याचिकेत ही स्थगिती मिळाली होती ती इंडियन मेडिकल असोसिएशनची फसव्या जाहिरातींविरुद्धची याचिकाच निकाली निघाली, त्याबरोबर स्थगितीही गेली. ज्या नियमाने कोणा सच्च्या वैद्याचं काडीचंही नुकसान होत नव्हतं, तो नकोसा का झाला, याचं पटेल असं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. मेदोहर गुग्गुळ नाडी बघून, मात्रा ठरवून देणाऱ्या वैद्याला रीलवर जाहिरात करायची नसतेच.

शिक्षा बघाल तर हसू येईल. १९५४ च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. २०२० मध्ये केंद्राने सुधारणेचा मसुदा आणला, १० लाख रुपये दंड आणि दोन वर्षं कैद, आजारांची यादी ७८ वर. मसुदा मसुदाच राहिला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची सोय केली आहे, जाहिरातीत झळकणाऱ्यालाही ती लागू होते, पण तक्रार दिल्लीपर्यंत पोचवायची कोणी?

महाराष्ट्राला मात्र एक सबब सांगता येणार नाही. अन्न वेगळ्या खात्याकडे आणि औषध वेगळ्या खात्याकडे, अशी टोलवाटोलवी इथे बसत नाही. आपल्याकडे दोन्ही अन्न व औषध प्रशासनाच्याच अखत्यारीत आहेत. अधूनमधून छापे पडतात, काही लाखांचा साठा जप्त झाल्याची बातमी येते, आणि पुढे काय झालं ते कळत नाही. मला वाटतं छाप्यांपेक्षा कंटाळवाणं काम जास्त उपयोगी पडेल. दर तिमाहीला बाजारातून आणि ऑनलाइन, ग्राहक म्हणून, वजन घटवणाऱ्या गोळ्या विकत घ्यायच्या. प्रयोगशाळेत सिब्युट्रामाइन, जुलाबाची आणि लघवीची औषधं, थायरॉइडचं संप्रेरक यांसाठी तपासायच्या. निकाल बॅच नंबर आणि फोटोसकट मराठीत जाहीर करायचे, निर्दोष निघालेल्यांचेही. पैसे कुठून आणायचे हा प्रश्न येईल. वजन घटवण्याचा दावा करणाऱ्या प्रत्येक उत्पादनावर तपासणी शुल्क लावा. ज्यांच्या गोळीत काही नाही त्यांनी घाबरायचं कारण नाही, आणि ज्यांच्या गोळीत खरोखरच काही नाही त्यांना 'फॅट बर्नर' म्हणायचा हक्क कोणी दिला, तेही तेव्हाच विचारता येईल.

हे आत्ताच व्हायला हवं, कारण बाजार बदलतोय. मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजन घटवणारी इंजेक्शनं भारतात आली. वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइड या औषधाचं इथलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचंच. चाचण्यांमध्ये भरीव वजन उतरवून दाखवलेली ही औषधं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची, मळमळीपासून पित्ताशयाच्या खड्यांपर्यंतचे त्रास असलेली, आणि बंद केली की वजन बऱ्याच अंशी परत आणणारी. त्यांची वकिली मला करायची नाही. पण त्यांच्या नावाच्या झगमगाटात जुने दुकानदार नवी पाटी लावून बसलेत. दारुहळदीतलं बर्बेरीन 'नैसर्गिक ओझेम्पिक' म्हणून विकलं जातंय (ओझेम्पिक म्हणजेही सेमाग्लुटाइडच), आणि ही औषधं शरीरातल्या ज्या संप्रेरकाची नक्कल करतात त्याच्या नावातली 'जीएलपी' ही तीन अक्षरं आता पावडरच्या डब्यांवर दिसू लागली आहेत.

तोवर घरात अशी डबी असलेल्यांनी एवढं करावं. डोळे-लघवी पिवळी दिसली, छातीत धडधडलं, चक्कर आली, तर गोळी थांबवून डॉक्टरांकडे जाताना डबी बरोबर न्यावी, नुसतं नाव सांगून भागत नाही. बिल आणि बॅच नंबरचा फोटो जपून ठेवावा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे, तिथे कळवावं. 'हे तर खाद्य आहे' असं कोणी म्हणालं, तर डबीची पुढची बाजू वाचून दाखवावी.